चोरून घेतलेला सलाम

आश्विन लागला की आमच्या वावरांतून एक वास येतो. पाऊस उघडलेला असतो, उन्हाला पुन्हा धार आलेली असते, कपाशीची पऱ्हाटी कमरेच्या वर गेलेली असते आणि पिवळ्या फुलांच्या मागं हिरवी बोंडं धरू लागलेली असतात. त्या हिरवाईवरून सकाळच्या वाऱ्यासोबत तो वास गावात शिरतो. कुजलेल्या लसणासारखा, मागून जरासा गोड. बोंडअळीवर मारायचं ते विष, पण विष कोणी म्हणत नाही. आज औषध मारतो, औषध आणलं का, असंच बोलतात. आता नवं बियाणं आलं, फवारे कमी झाले, असं लोक सांगतात. झाले असतील. मला एका पंपाचा वास पुरतो. शाळेत फळ्याकडं तोंड करून उभा असलो आणि खिडकीतून तो आला, की खडू हातातच राहतो. पोरांना वाटतं, मास्तर गणित विसरले.

मी विसरलेलो नसतो.

मी फार बोलणारा माणूस नाही. बायको म्हणते, "तुमच्या तोंडातून गोष्ट काढणं म्हणजे किडक्या बोंडातून कापूस काढणं हाय. नखं तुटते." ती हसून म्हणायची. त्या बोंडात काय आहे ते तिलाही ठाऊक नव्हतं. आता ठाऊक आहे. सगळ्या गावालाच ठाऊक आहे, म्हणून लिहायला हरकत नाही.

अल्लीपूरहून यशोदा नदीच्या अंगानं आत गेलं की आमचं गाव. शेतकऱ्यांचं, थोड्या दुकानदारांचं. ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. गावात कापसाचा पहिला वेचा सुरू झाला की लोक वावरात दहीभात ठेवून सीतादही करतात. आम्ही पहिल्या वेच्यातला कापूस उपज सणाच्या रविवारी गिरजात नेतो. कौलारू, चुन्याचा गिरजा. पुढं दोन सागवानी खांबांवर टांगलेली घंटा. वेदीपुढं कापसाचे ढीग, शेंगा, सीताफळं, कोणाचं एखादं डांगर, कोणाची कोंबडी पाय बांधून ठेवलेली, जी नेमकी प्रार्थनेच्या वेळी ओरडते. लहानपणी मला देव म्हटलं की तेच आठवायचं. नव्या कापसाचा उबदार, सरकीचा वास.

आमच्या मंडळीची एक रीत आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. सतरंज्यांवर एका अंगाला बाया, एका अंगाला माणसं. एका थाळीत पोळी, ज्या घरची पाळी असेल त्या घरची बाई ती भाजून आणते. पितळी पेल्यात काळ्या मनुका भिजवून गाळलेला रस. थाळी हातोहात फिरते, आधी बायांमधून, मग माणसांमधून. पण त्याआधी पाळक थांबतात. म्हणतात, ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं उठून सलाम करून यावं, मग प्रभूच्या ताटाला हात लावावा. आणि लोक खरंच उठतात. विहिरीवर भांडलेल्या बाया उठतात. वावराच्या धुऱ्यावरून, बांधावरून बोलणं तुटलेले भाऊ सतरंजी ओलांडून जातात, समोरच्याचे हात हातात घेतात, समोर बाई असली तर हात जोडतात, आणि 'सलाम' म्हणतात. समोरच्यानं 'सलाम' म्हटलं की मिटलं. कशाचा सलाम ते कोणी विचारत नाही, कारण ते सगळ्यांना माहीत असतं. लहान गावात भांडण लपत नाही.

या रीतीत एक भोक आहे. ते मला सापडलं. आपण काय केलं हे समोरच्याला माहीतच नसेल, तर त्याचा सलाम फुकट मिळतो.

शांतवनदादा माझा थोरला भाऊ. आई लवकर गेली, बाप त्याआधीच. दादानं शाळा सोडली म्हणून मी शिकलो. मला नोकरी लागली त्या दिवशी त्यानं गावभर पेढे वाटले आणि वर म्हणाला, "लहान्या, तू पोराईले शिकव, मी अळ्याईले शिकवतो. पाहू कोणाचे जास्त पास होते." काम करताना तो उपासनेतल्या चाली शिटीवर वाजवायचा. रूथवैनी ओरडायची, "देवाच्या गाण्याची शिटी वाजवते का कोणी?" तो म्हणायचा, "देवाले दुरून आयकू जाते."

नव्वदचं दशक संपत आलं होतं. त्या वर्षी अळी फार होती. एका फवाऱ्यानं भागत नव्हतं. पाठीवरच्या पंपाची नळी जिथं टाकीला जोडते तिथलं वॉशर झिजलं होतं, तिथून तो गळायचा. दादानं मला शनिवारी सांगितलं, "हिंगणघाटले जाऊन वायसर टाकून आन. पाठ वली होते माही." मी पंप घेऊन बसनं गेलो. दुकानदार म्हणाला, माल यायचा आहे, दोन घंट्यानं या, तुमच्यासमोरच टाकून देतो. समोरच्या हॉटेलात टीव्हीवर क्रिकेटची मॅच लागली होती, बाहेरपर्यंत माणसं उभी होती. मीही उभा राहिलो, मग बसलो. मॅच अटीतटीची झाली. उठून आलो तेव्हा दुकानाचं शटर पडलेलं, पंप ओट्यावर दुरुस्तीविना तसाच ठेवलेला, आणि शेवटची बस स्टँडवर निघण्याच्या बेतात.

घरी आल्यावर मी गोठ्यामागं गेलो. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापली आणि त्या जोडावर करकचून गुंडाळली. टाकीत पाणी भरून पाहिलं. थेंब पडला नाही. त्या औषधात रबर किती वेळ धरतं, ते मी पाहिलं नाही. पाहायचं सुचलंही नाही. पट्टीवरून चिखल फासला, म्हणजे नजरेत येऊ नये. एवढं मात्र सुचलं.

दादानं विचारलं, "टाकलं का नवं?"

मी म्हणालो, "टाकलं."

मॅच पाहत बसलो म्हणालो असतो तर त्यानं मला दोन शिव्या दिल्या असत्या आणि पट्टी त्यानंच नीट बांधली असती, किंवा फवारा पुढं ढकलला असता. आणि हसला असता. हे मला तेव्हाही माहीत होतं. माणूस मोठ्या भीतीनं खोटं बोलतो असं नाही. मी शिव्या खायचा कंटाळा आला म्हणून बोललो.

सोमवारी मी शाळेत होतो. दादाला बैलगाडीत घालून गावात आणलं तेव्हा तोंडातून फेस येत होता, बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, सदरा पाठीला चिकटला होता आणि अंगभर तोच वास. दवाखान्यात रात्रभर झुंज दिली, सकाळी संपलं. कागदावर विषबाधा लिहिलं. ती कशी झाली, हे कागदानं कोणाला विचारलं नाही.

गावानं वास घेतला आणि निकाल दिला. त्या वर्षांत आमच्या भागात औषधाचा वास येणारं मढं म्हटलं की लोक एकच अर्थ लावायचे. दादाला कशाची ददात नव्हती. तरी कारण सापडलंच. त्या दिवशी सकाळी घरात मोठ्यानं आवाज झाला होता, शेजाऱ्यांनी ऐकला होता.

मंडळीची माणसं ओसरीवर जमली. येसुदासकाका आमच्यातले जुने पंच. ते काठी आडवी धरून म्हणाले, "आपल्या हातानं गेलेल्याची घंटा वाजत नाई. आपल्या बापजाद्याईपासून नाई." म्हातारे पाळक खाली पाहत राहिले. मग काकाच माझ्याकडं वळले. "मास्तर, तुमी भाऊ. तुमाले काई माहीत असन तं सांगा. आमाले बी त्याची घंटा वाजवाचीच हाय."

म्हणजे दार उघडं होतं. त्या म्हाताऱ्यानं स्वतः धरून ठेवलं होतं. आत वैनी मढ्यापाशी बसली होती, तिला ऐकू जात होतं.

मी म्हणालो, "नाई. काई माहीत नाई."

दादाला घंटेशिवाय नेलं. गाणंही नाही. कबरस्तानाच्या कोपऱ्यात, जिथं पावसाळ्यात पाणी साचतं, तिथं जागा दिली. शेजारच्या वावरातले गुलाबराव खड्ड्याच्या कडेला माझ्या बाजूला येऊन उभे राहिले. हळूच म्हणाले, "मास्तर, एक सांगू का? दुपारी म्या त्याले पाह्यलं. पाठ पुरी वली. म्या म्हटलं, काऊन रे शांतवन, कपड्यासकट आंघोळ करून राह्यला का? तं म्हणे, लहान्यानं नवं वायसर टाकून आनलं, हा घाम हाय."

मी म्हणालो, "घामच असन."

गुलाबरावांनी माझ्याकडं पाहिलं. थोडं जास्त वेळ पाहिलं. मग म्हणाले, "असन बाप्पा. तुमच्या घरची गोष्ट." आणि पायानं माती लोटू लागले.

माझ्यावर विश्वास ठेवून तो दिवसभर आपल्याच पाठीवरच्या विषाला घाम समजत राहिला. हे वाक्य मी डोक्यात कितीदा म्हटलं असेल. कागदावर आज पहिल्यांदा लिहितो आहे.

पट्टी मी चुलीत जाळली. पुढच्या आठवड्यात हिंगणघाटला जाऊन त्या पंपात नवं वायसर टाकून आणलं. तो पंप अजून घरात आहे. गळत नाही.

त्याच दिवसांतली एक दुपार. वैनी अंगणात सरकी निवडत होती. हात चालूच होते. मान वर न करता म्हणाली, "भाऊजी, तुमालेच सांगतो. त्या सकाळी माह्या भावाच्या लग्नाले चला म्हणून मी त्याईच्या मागं लागली होती. ते म्हणे, फवारा झाल्याशिवाय येत नाई. मी रागात म्हटलं, मंग पेऊनच घ्या ते औषध. असं म्हटलं मी. आन त्याईनं पेलं."

सरकी निवडणारे हात थांबले नाहीत. मी तिथंच उभा होतो. एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हणालो, "असं मनात आणू नका वैनी." दिलासा दिला. खरं ते माझ्यापाशी होतं, ते दिलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाला पाळक नेहमीसारखे थांबले. मी उठलो. सतरंजी ओलांडून वैनीपुढं गेलो, हात जोडून सलाम म्हटला. ती गोंधळली. तिच्या लेखी माझं-तिचं काहीच वाकडं नव्हतं. तरी तिनं पदर सावरून म्हटलं, "सलाम, भाऊजी." मी परत येऊन बसलो आणि पोळीचा तुकडा तोंडात घातला. तो तोंडातच फिरत राहिला. दर महिन्याला मी तिचा सलाम असा चोरून आणायचो, आणि दर महिन्याला तुकडा आणखी कोरडा व्हायचा. शेवटी मी थाळी तशीच पुढं सरकवायला लागलो.

लोकांच्या ते लक्षात आलं. त्यांनी त्याचाही चांगलाच अर्थ लावला. "मास्तर भावाले लय मानते," बाया म्हणायच्या. "त्याच्या पापासाठी हा उपाशी राहते." पुढं मला मंडळीचा पंच केलं. मी वैनीचं वावर वाहायचो, डवरणी करायचो, तिच्या पोरीला दहावीचं गणित शिकवायचो. हात रिकामा राहिला की भीती वाटायची. वैनी एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "असा दीर देव सगळ्याईले देवो." त्या दिवशी मी जेवलो नाही.

देवाशी माझं बोलणं बंद होतं असं नाही. धुऱ्याचं भांडण झालेले दोन शेजारी जसे बोलतात, तसं चालू होतं. पाऊस कसा आहे, ढोरं बरी आहेत ना, पोरं पास झाली. सगळं बोलायचं, फक्त धुऱ्याचं नाही. मी प्रार्थनेत सगळ्या गावासाठी मागायचो. मंडळीत लांब प्रार्थना करणारा म्हणून माझं नाव होतं. लांब एवढ्यासाठी, की मध्ये शांतता पडली असती तर त्यानं विचारलं असतं.

आणि मला वाटायचं, आता उशीर झाला. आधी भावाशी समेट कर, मग वेदीपाशी ये, असं लहानपणापासून ऐकलेलं. भाऊ तर मातीखाली. म्हणजे ते दार बंद झालं. आपण बाहेरच्या ओट्यावर बसायचं, आतलं गाणं ऐकायचं आणि मरायचं. या विचारात एक सोय होती, हे आता कळतं. दार बंद आहे म्हटलं की उठावं लागत नाही.

मग म्हातारे पाळक गेले आणि घाटाकडचे एक तरुण पाळक आले. त्यांची बोली आमच्या पोरांना पुस्तकासारखी वाटायची. उपज सण आला होता, आम्ही दोघं गिरजाच्या भिंतीला चुना देत होतो. ते कुंचा बुडवता बुडवता म्हणाले, "मास्तर, तुम्ही थाळी पुढं का सरकवता? लोक सांगतात ते कारण मला पटत नाही."

का कोण जाणे, त्या चुन्याच्या ओल्या वासात मी सांगून टाकलं. पट्टी, मॅच, घाम, सगळं. त्यांनी मला थांबवलं नाही, धीरही दिला नाही. ऐकून झाल्यावर बराच वेळ भिंतीला कुंचा मारत राहिले. एकाच जागी.

मग म्हणाले, "तुमच्याकडं समेटाला कोण जातं?"

"चुकला तो जाते. पानसुपारी घेऊन."

"आणि तो गेलाच नाही तर?"

"तं राह्यते तसंच. पिढ्या जाते."

"ख्रिस्तात उलट झालं. ज्याचं बिघडवलं होतं तोच चालत आला. आपण वैर धरून बसलो होतो तेव्हाच आला, आणि भरपाईही त्यानंच भरली, अंगावर घेऊन. तुम्ही दार बंद आहे म्हणता. तो केव्हाचा येऊन बसलाय, मास्तर. तुमच्या त्या गोठ्यामागं, त्या पट्टीपाशी. तुम्हीच तिकडं फिरकत नाही."

मी विचारलं. विचारायला नको होतं, पण हाच प्रश्न इतकी वर्षं मनात होता. "मग देवानं मिटवलं असन, तं वैनीले सांगाची काय गरज?"

त्यांनी कुंचा खाली ठेवला. "देवानं समेट केला तो ज्यानं पट्टी बांधली त्या माणसाशी. तुम्ही त्याच्यापुढं दर रविवारी दुसराच कोणी पाठवता, भावासाठी उपाशी राहणारा. त्याच्याशी देवाचं काही वैरच नाही, मग मिटणार काय? आणि तिचं काय? तिच्या डोक्यावर तुमचं ओझं आहे. ते तिथंच ठेवून तुम्ही मोकळे होणार?"

जाताना एवढंच म्हणाले, "तिची क्षमा विकत घ्यायला जाऊ नका. ती देईल न देईल. तुमचं देवाशी मिटलंय ते तिच्या हो म्हणण्यावर टांगलेलं नाही. म्हणून तर तुम्ही जाऊ शकता."

वेच्याचे दिवस होते. संध्याकाळी बाया दिवसभराचा कापूस गाठोड्यात बांधून डोक्यावर घेतात. भरलेलं गाठोडं एकटीला उतरवता येत नाही. समोरची म्हणते, सोड आता, मी धरलं. पण वाहणारीनं हात सोडले तरच ते उतरतं. मी हे लहानपणापासून पाहत आलो होतो. त्या संध्याकाळी वावराच्या तोंडाशी वैनी गाठोडं घेऊन उभी होती, माझी वाट पाहत. उतरवून बैलगाडीत टाकायचं माझं रोजचं काम.

मी हात पुढं केला नाही. म्हणालो, "वैनी, दादानं औषध पेलं नव्हतं."

मी सगळं सांगितलं. मधे थांबलो असतो तर पुन्हा कधी जमलं नसतं, म्हणून थांबलो नाही. तिनं गाठोडं उतरवलं नाही. मान ताठ, दोन्ही हात वर, उन्हानं काळवंडलेल्या कोपरांवर पऱ्हाटीचे ओरखडे.

"पेलं नव्हतं?" ती म्हणाली.

"नाई."

"पेलं नव्हतं त्याईनं." तिनं आपल्याशीच म्हटलं. चेहऱ्यावर एक उजेड आला आणि येता येता विझला. तो विझताना मी पाहिला. त्याच्यामागून उरलेली वर्षं आली.

"माह्या पोरीच्या लग्नात मी मांडवात उभी राह्यली नाई," ती म्हणाली. "म्हटलं, नवऱ्याले खाणाऱ्या तोंडानं काऊन आशीर्वाद देऊ. दर रविवारी देवाले म्हणो, माह्या जिभेले माफ कर. तू बाजूले बसला राहे. आयकत." तिनं मला तोवर कधी तू म्हटलं नव्हतं. "आन येऊन सलाम करे. म्या देल्ला तुले सलाम. दर महिन्याले देल्ला."

मी गाठोड्याला हात लावायला पुढं झालो.

"हात लावू नको."

ती तशीच वळली. थोडं चालली, थांबली, मागं न पाहता म्हणाली, "त्याची घंटा बाकी हाय."

उपज सणाच्या रविवारी मी सगळ्यांच्या आधी गेलो. मयताची घंटा वेगळी असते. एक ठोका, मग तो पूर्ण विरेपर्यंत थांबायचं, मग दुसरा. लोक कापूस घेऊन येत होते ते वाटेतच थांबले. चहाच्या टपरीवरून गुलाबराव रस्ता ओलांडून आले, डोक्याची टोपी काढून. "कोण गेलं मास्तर?"

"दादा."

"काय बोलता? तो तं कवाचाच..."

"त्याची वाजवाची राह्यली होती. तुमी बरोबर पाह्यलं होतं, गुलाबराव. पाठ घामानं वली नव्हती."

त्यांनी टोपी पुन्हा घातली. "मले तवाच वाटलं होतं," ते म्हणाले. "म्या बी चूप बसलो ना." आणि परत गेले नाहीत. घंटा संपेपर्यंत खांबाला धरून उभे राहिले. जो विचारायला आला त्याला मी तेच सांगितलं. घंटेचं तसं असतं, तिला उत्तर द्यावं लागतं.

आत मी मंडळीपुढं बोललो. काय बोललो ते फारसं आठवत नाही. बांधलेली कोंबडी ओरडत होती आणि कोणी तिला गप्प करायला उठलं नाही, एवढं आठवतं. येसुदासकाकांना तोवर दिसणं कमी झालं होतं. ते बसल्या जागेवरून म्हणाले, "म्या तुले विचारलं होतं, पोरा." त्यांनी कोणाला पोरा म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पंचपद त्याच दिवशी गेलं, ते जायलाच हवं होतं. गावात काही माणसं अजून माझ्याशी बोलत नाहीत. पुतणी सणाला येते, माझ्या दारावरून जाते.

मला वाटायचं, समेट झाला की मन हलकं होत असेल, दादाची शिटी आठवून रडू येत नसेल. तसं काही झालं नाही. आश्विनात वास येतो, खडू हातात राहतो. फरक एवढाच, की आता मी गोठ्यामागं जाऊ शकतो. तिथं उभा राहून म्हणू शकतो, ही पट्टी मी बांधली. आणि म्हणताना एकटा नसतो. ज्याच्या तळव्यांना आपल्यासारख्यांनीच भोकं पाडली, तो तिथं असतो. तो मला पट्टी झाकायला मदत करत नाही. झाकणं आणि उचलून घेणं यातला फरक मला फार उशिरा कळला. दादाला मात्र त्या फरकाचा काही उपयोग नाही. हेही मी प्रभूला सांगतो. तो ऐकून घेतो.

त्या सणाच्या पुढच्या महिन्यातला पहिला रविवार. पोळीची पाळी वैनीच्या घरची होती. पाळक थांबले. म्हणाले, ज्याचं कोणाशी वाकडं असेल त्यानं उठावं. मी उठलो. सतरंजी ओलांडली. वैनीपुढं हात जोडले. कशाचा सलाम, ते आता सगळ्यांना माहीत होतं.

"सलाम, वैनी."

तिनं माझ्याकडं पाहिलं. बोलली नाही. मी तसाच उभा राहिलो आणि मग परत येऊन बसलो. खोटं कशाला सांगू, त्या न मिळालेल्या सलामानं मला जितकं बरं वाटलं तितकं आधीच्या कुठल्याच सलामानं वाटलं नव्हतं. निदान हा चोरीचा नव्हता. आजवर तिनं तो दिलेला नाही. दर महिन्याला मी जातो.

थाळी बायांमधून फिरत आली. वैनी नेहमी पुढं बसायची, त्या दिवशी ती बायांच्या रांगेच्या टोकाला बसली होती. मी माणसांच्या रांगेत पहिला. मला वाटलं, जागा मिळाली तिथं बसली असेल. तिनं आपला तुकडा घेतला, डोळे मिटून खाल्ला. मग थाळी माझ्यापुढं धरली. मी सवयीनं ती पुढच्याकडं सरकवायला हात लावला. ती सोडेना. दोन्हीकडून धरलेली थाळी तशीच मधे राहिली. थाळीत उरलेली पोळी, तव्यावरचे काळे डाग पडलेली, माझ्या भावाच्या घरच्या चुलीवरची.

"म्या भाजली," ती हळू म्हणाली. डोळे माझ्याकडं नव्हते, थाळीकडं होते. "पन हे ताट माह्या घरचं नाई. घ्या."